नॉकआउटला दोघी मुली खेळत असताना पालकांनी काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरली दहावीत, धाकटी आठवीत, दोघीही शाळेच्या १७ वर्षांखालील बास्केटबॉल संघात. तालुका जिंकला, आता जिल्ह्याचे नॉकआउट सामने आहेत. थोरली जवळजवळ पूर्ण वेळ खेळते, धाकटी बाकावर. कडेला उभं राहिलं की तुमचा आवाज चढतो. गेल्या सामन्यानंतर थोरली तुमच्याशी बोलेना आणि धाकटी घरी येऊन रडली. आता सामन्याला यावं की न यावं, आणि आलात तर काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

यावं. जरूर यावं. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात मी बरीच वर्षं मुलींचे संघ तयार करते आहे. मुलांच्या क्रिकेटला अख्खी गल्ली लोटते, आणि मुलींच्या सामन्याला दोन-तीन आया, शाळेच्या एक बाई आणि वाट चुकल्यासारखे उभे असलेले चार जण. कामावर रजा टाकून मुलीची मॅच बघायला येणारा बाप आजही मोजकाच दिसतो. तेव्हा येणं सोडू नका. फक्त बॉल खेळात असेपर्यंत तुमची सूचना मुलीच्या कानापर्यंत जाऊ देऊ नका. माझं मुख्य सांगणं एवढंच आहे, पण ते का, हे नीट समजलं तरच तुम्हाला ते जमेल.

मी पाहिलेली एक सेमीफायनल सांगते. शेवटचं मिनिट, संघ एका गुणाने पुढे. आमच्या भागातलीच एक मुलगी बाजूच्या रेषेबाहेर बॉल घेऊन उभी. बॉल आत टाकायला ५ सेकंद मिळतात. तिची सेंटर, म्हणजे रिंगाजवळ खेळणारी मुलगी, दोघींच्या मधून वाट काढत पुढे येत होती, अजून एक पाऊल टाकलं असतं तर मोकळी झाली असती. तेवढ्यात पायऱ्यांवरून वडिलांची हाक आली, "अगं मागं दे की, मागं!" मुलीने मान वळवली. मागची मुलगी झाकलेली. परत पुढे बघेपर्यंत रेफरीची शिट्टी वाजली, बॉल दुसऱ्या संघाकडे गेला, आणि त्याच बॉलवर बास्केट झाली. वडील मनापासून मदत करत होते. पण पायऱ्यांवरून अख्खं कोर्ट दिसतं, आणि तिला दिसतात समोर नाचणारे दोन हात. तुम्हाला दिसलेली मोकळी जागा तुम्ही तोंडाने सांगेपर्यंत बुजलेली असते.

बास्केटबॉल या बाबतीत फार निष्ठुर खेळ आहे. ८ सेकंदांत बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे न्यायचा, २४ सेकंदांत शॉट घ्यायचा, रिंगाखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात ३ सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळायचं नाही. (तालुक्याच्या मैदानावर २४ सेकंदांचं घड्याळ सहसा नसतं, पण वरच्या पातळीवर ते लागतं आणि मुली गडबडतात.) एवढ्या वेळात तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवायचं असतं. तिथे कानाने ठरवायची सवय लागली की ती मुलगी प्रत्येक पासआधी कडेला बघायला लागते. मी अशा मुली लांबून ओळखते.

त्यातून आपल्याकडे एकाच संघात मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणाऱ्या घरांतल्या मुली असतात. सर टाइम-आउटमध्ये निम्मं कन्नडात सांगतात, निम्मं मराठीत. मुलींनी कोर्टवरच्या हाका आपसात ठरवलेल्या असतात, 'स्विच', 'हेल्प', 'स्क्रीन', आणि शॉट मारायची वेळ आली की कन्नडातलं 'हाक, हाक!', म्हणजे 'टाक, टाक!' तेही मराठी मुलीसुद्धा ओरडतात. या सगळ्या गलक्यातून मुलीचा कान आईबापाचा आवाज सगळ्यात आधी उचलतो. लहानपणापासून त्या आवाजाला थांबायची सवय असते. म्हणून शेजारच्या पन्नास जणांच्या ओरड्याने तिचं काही बिघडत नाही आणि तुमच्या एका वाक्याने बिघडतं. हा तुमच्या आवाजाचा दोष नाही, उलट त्या आवाजाला तिच्या मनात किती वजन आहे हे त्यातून कळतं.

मग तोंड बांधून बसायचं का? नाही. बास्केट झाली की ओरडा, टाळ्या वाजवा, अख्ख्या संघासाठी. डिफेन्सने बॉल हिसकावला की ओरडा. दुसऱ्यांच्या मुलींची नावं पाठ करा आणि त्यांच्या नावाने ओरडा, ज्यांच्या घरचं कोणी आलेलं नाही त्यांच्यासाठी खास. बॉल डेड असताना, म्हणजे शिट्टीनंतर, "शाब्बास" म्हणायला काहीच हरकत नाही. "पास दे", "शूट कर", "तिला धर" ही तीन वाक्यं तेवढी गिळा. समोरच्या संघाची मुलगी फ्री थ्रोला, म्हणजे फाऊलबद्दल मिळालेला मोकळा शॉट मारायला, उभी असेल तेव्हा शांत राहा. त्या खानापूरच्या नाहीतर चिकोडीच्या मुली परक्या नाहीत. वरच्या निवडीला तीच मुलगी तुमच्या मुलीच्या खोलीत राहायला असू शकते.

रेफरीबद्दल एकच सांगते. शालेय सामन्यांना शिट्टी वाजवणारे बहुतेक जण दुसऱ्या शाळेचे क्रीडाशिक्षक असतात, सकाळपासून उन्हात उभे. त्यांच्या चुका होतात. पण पायऱ्यांवरून बाप रेफरीवर ओरडला की खाली मुलगी प्रत्येक शिट्टीला हात उडवते, आणि मग तिचा पाचवा फाऊल लवकर भरतो.

आता बघायचं काय ते. आवाज आवरत नाही याचं निम्मं कारण असं असतं की आपण फक्त बॉल बघत असतो. बॉल सोडून बघायला शिका, मन आपोआप गुंततं. समोरच्या संघाने शॉट मारला की तुमची थोरली काय करते ते बघा. ती वर बॉलकडे बघत उभी राहते, की आधी आपल्या खेळाडूला पाठीने अडवते आणि मग बॉलकडे जाते? याला बॉक्स-आउट म्हणतात. शालेय पातळीवर मुलींचे बरेच शॉट हुकतात, त्यामुळे रिबाऊंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, कोणाकडे जातो यावर सामना फिरतो. ते काम स्कोअरशीटवर कुठेच लिहिलं जात नाही, पण कोचच्या लक्षात राहतं. बॉल दुसऱ्या बाजूला असताना ती रिंगाच्या दिशेने एक-दोन पावलं आत सरकून मदतीला उभी असते का, तेही बघा. आपला बॉल गेला की पहिली तीन पावलं किती जोरात मागे धावते, ते बघा. यासाठी उंची लागत नाही, हे कोणतीही मुलगी करू शकते, आणि घरी गेल्यावर बोलायला तुमच्याकडे काहीतरी खरं असतं.

फाऊल मोजायला शिका. पाच वैयक्तिक फाऊल झाले की खेळाडू बाहेर. सामना चार क्वार्टरचा, म्हणून दुसऱ्या क्वार्टरलाच थोरलीवर तीन फाऊल लागले तर सर तिला बसवतात. तुम्हाला राग येतो, "चांगली खेळतीय की, काढलं कशाला?" तिला शेवटच्या क्वार्टरसाठी राखून ठेवलेलं असतं. संघाचेही फाऊल मोजले जातात. एका क्वार्टरमध्ये चारपर्यंत ठीक, पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो. क्वार्टरच्या शेवटी आपल्या मुली एकदम सावध, जरा मागे मागे खेळायला लागल्या की समजा संघाचे चार भरलेत. हे माहीत नसलेला पालक तेव्हाच "अंगावर जा!" म्हणून ओरडतो.

शालेय मुलींच्या सामन्यात गुण थोडे होतात, त्यामुळे फ्री थ्रोला फार किंमत आहे. रेषा बोर्डापासून ४.६ मीटरवर, रिंग ३.०५ मीटर उंच, दोन्ही मोठ्या खेळाडूंइतकंच. मुलींचा बॉल तेवढा सहा नंबरचा, मुलांच्या सात नंबरपेक्षा थोडा लहान आणि हलका. तेवढ्या अंतरावरून बॉल पोचवायची ताकद दंडातून येत नाही, गुडघ्यातून येते. चौथ्या क्वार्टरला थोरलीचे फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत यायला लागले तर तिचे पाय दमलेत एवढंच समजा. ती घाबरली, लक्ष नाही, असे अर्थ काढू नका. नंतर कधीतरी सरांना विचारा, सरावाच्या शेवटी, दमल्यावर, रोज दहा फ्री थ्रो घेतात का म्हणून. ताजेतवाने असताना मारलेले फ्री थ्रो सामन्यात कमी उपयोगी पडतात.

धाकटीबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय.

संघात बाराजणी असतात, कोर्टवर पाच. साखळी सामने असतील तर कोच सगळ्यांना फिरवून खेळवतो. नॉकआउटला एक हार म्हणजे घरी, त्यामुळे चांगले कोचसुद्धा सात-आठ जणींवर सामना काढतात. आठवीतली मुलगी बाकावर बसणं यात अपमान काही नाही, दहावीतल्या मुलींमध्ये तिची निवड झाली हीच मोठी गोष्ट. पण हे तिला तत्त्वज्ञान म्हणून सांगू नका, त्याने तिचं रडू थांबणार नाही. ती रडली त्याचं कारण बाक नसावं, असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. घरी येताना सगळा वेळ थोरलीच्याच खेळावर बोलणं झालं असणार. तिने मारलेली बास्केट, तिचा चुकलेला ले-अप, तिला पडलेला फाऊल. धाकटी मागे बसून ऐकत होती. त्या दिवशी ती सामन्याला होती हे घरात कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

तिला एक काम द्या, आणि ते खरं काम असू द्या. समोरच्या गार्डने, म्हणजे बॉल पुढे आणणाऱ्या मुलीने, ड्रिबल उजव्या हातानेच केला की डावाही वापरला, त्यांच्या सेंटरवर किती फाऊल आहेत, त्या झोन लावतात (जागा वाटून अडवतात) की मॅन टू मॅन (एकेकीला धरून), हे बाकावरून सगळ्यात चांगलं दिसतं. हाफ टाइमला तिने थोरलीला सांगितलं, "ताई, चार नंबरची डावीकडे जातच नाही," तर ते सोन्यासारखं आहे. मी माझ्या बाकावरच्या मुलींकडून हे करून घेते. त्यांना आत पाठवलं की त्या गोंधळत नाहीत, कारण सामना त्यांच्या डोक्यात आधीच चालू असतो. आणि घरी आल्यावर आधी धाकटीला विचारा, "त्यांचा डिफेन्स कसा होता गं?" थोरलीचं नंतर.

वाराणसीच्या सिंग बहिणींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. दिव्या, प्रशांती, आकांक्षा, प्रतिमा, चौघी भारताकडून बास्केटबॉल खेळल्या, आणि प्रशांतीला २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन बहिणी एका संघात दिसल्या की पायऱ्यांवरचं कोणीतरी त्यांचं उदाहरण देतंच. अभिमानाने द्यावं, पण मुलींच्या तोंडावर "ताईसारखी खेळ" म्हणू नये. थोरली गार्ड असेल आणि धाकटीची उंची अजून वाढतेय तर कदाचित तिची जागा वेगळीच ठरेल. आठवीत ते कोणालाच ठरवता येत नाही.

वेळ किती मिळाला याबद्दल सरांशी सामन्याच्या दिवशी बोलू नका. आधीही नाही, नंतरही नाही. दोन-तीन दिवसांनी शाळेत जा आणि "तिला का खेळवलं नाही" याऐवजी "तिने कशावर मेहनत घ्यावी" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला कोच बचाव करतो. दुसऱ्याला खरं उत्तर देतो, आणि त्या उत्तरातच पहिल्याचंही उत्तर येतं. जाताना धाकटीला बरोबर घ्या, म्हणजे तिला ते तुमच्या तोंडून ऐकावं लागणार नाही.

सामना संपल्यावर पहिला अर्धा तास खेळाबद्दल एक शब्द काढू नका, जिंकल्या तरी आणि हरल्या तरी. पाणी द्या, खायला द्या, भिजल्या असतील तर कोरडा टी-शर्ट द्या. त्या स्वतःहून बोलल्या तर ऐका. थोरली तुमच्याशी बोलेना झाली ती अशाच वेळी, बरोबर? तिला तिची चूक तुमच्याआधी माहीत असते. ती बोलेल, पण रात्री जेवताना, नाहीतर दुसऱ्या दिवशी आईजवळ.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. थोरली दहावीत आहे. पुढच्या वर्षी ती पी.यु. कॉलेजला, म्हणजे अकरावीला, जाईल, तिथे गट १९ वर्षांखालचा. म्हणजे या नॉकआउटमध्ये ज्या दिवशी हरतील त्या दिवशी दोघी बहिणींचं एका शाळेच्या जर्सीत एकत्र खेळणं संपेल. थोरलीला हे माहीत आहे. मुली बोलून दाखवत नाहीत, पण दहावीच्या मुली शेवटच्या वर्षी वेगळ्याच खेळतात आणि हरल्यावर वेगळ्याच रडतात, हे मी दरवर्षी बघते. त्या दिवशी "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नका, तिला शाळेतलं पुढचं वर्ष नाही. सामना सुरू व्हायच्या आधी, वॉर्म-अप चालू असताना, दोघींचा एक फोटो तेवढा काढून ठेवा.

आता बारीकसारीक, पण ऐन वेळी अडवणारं. शालेय सामने बहुतेक ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आपल्याकडे पावसात. सिमेंटच्या कोर्टवर पावसाची एक सर येऊन गेली की शेवाळाच्या जागा बर्फासारख्या होतात. तळवा झिजलेले जुने कॅनव्हास बूट घालून उतरवू नका. महागडे नकोत, पण तळव्याला धरून ठेवणारी नक्षी हवी, आणि बूट नवे असतील तर आधी आठवडाभर सरावात वापरलेले हवेत. मोज्यांचा जादा जोड, जुना टॉवेल आणि मोठं प्लास्टिक बरोबर ठेवा. सामना थांबला की मुली ओल्या अंगाने तासभर उभ्या राहतात आणि परत सुरू झाल्यावर अंग आखडलेलं असतं. पुन्हा वॉर्म-अप केल्याशिवाय कोर्टवर जाऊ नका, असं दोघींना आधीच सांगून ठेवा.

दागिना चालत नाही. बांगडी, कानातलं, गळ्यातलं, हातातला गंडा, आणि हो, नाकातली चमकीसुद्धा. नाक नुकतंच टोचलंय म्हणून काढता येत नाही, आणि रेफरी आत सोडत नाही, असा रडवेला प्रसंग दर मोसमात एखादा घडतो. या मोसमात टोचायचं असेल तर सामने संपू द्या. नखं आदल्या रात्री कापा. धातूची क्लिप नको, रबर बँड लावा.

खाणं सामन्याच्या दोन-तीन तास आधी. चपाती-भाजी, भात-आमटी, जे रोज खातात तेच. दिवसात दोन सामने असतील तर मध्ये केळं, शेंगदाण्याची चिक्की, मीठ-साखरेचं लिंबूपाणी. जिंकल्याच्या आनंदात दोन सामन्यांच्या मध्ये कुंदा आणि कोल्ड्रिंक आणणारे पालक प्रेमाने आणतात, पण ते संध्याकाळसाठी ठेवा. पाळीचे दिवस असतील तर मुलीच्या आईने सरांबरोबरच्या बाईंच्या कानावर घालावं आणि बॅगेत पॅड, गडद रंगाची आतली शॉर्ट ठेवावी. दुखत नसेल तर खेळायला काहीच अडचण नाही, आणि दुखत असेल तर ते लपवून खेळायची वेळ मुलीवर येऊ नये.

दुखापतीचं मात्र गंभीरपणे घ्या. घोटा मुरगळला की आपल्याकडे लगेच कोणीतरी पाय ओढायला, तेल चोळायला पुढे येतं. चोळू देऊ नका, ओढू तर अजिबात देऊ नका. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, घट्ट पट्टी, पाय उंच. त्या पायावर चार पावलं टाकता आली नाहीत तर एक्स-रे करायचा. गुडघ्यात 'कट्ट' आवाज आला आणि काही तासांत सूज चढली तर दुसऱ्या दिवशी चालता येतंय म्हणून सोडून देऊ नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. उडी मारून उतरताना किंवा एकदम दिशा बदलताना एसीएल (गुडघ्याच्या आतला अस्थिबंध) फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. उडीनंतर गुडघे आत न वळवता, वाकवून, दोन्ही पायांवर उतरायला शिकवलं की हा धोका कमी होतो. सराव बघायला गेलात तर धाकटीचे गुडघे उतरताना एकमेकांकडे झुकतात का एवढं बघा, आणि झुकत असतील तर सरांना सांगा. ही एक सूचना पालकाने जरूर द्यावी.

सामना बाहेरगावी असेल तर मुलींच्या आईलाही घेऊन या. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे राज्याच्या हद्दीत साध्या सरकारी बसला राज्यातल्या बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, आधार कार्ड बरोबर असलं की झालं. दोघा पालकांपैकी एकाने थोरलीच्या खेळाकडे आणि दुसऱ्याने धाकटीकडे लक्ष द्यायचं ठरवलं तर फार बरं.

दहावीचं वर्ष आहे म्हणून थोरलीला आताच काढावं का, असं शेवटी विचारलंय. एसएसएलसी, म्हणजे दहावीची बोर्डाची परीक्षा, मार्च-एप्रिलच्या सुमारास, आणि शाळेची टूर्नामेंट त्याच्या कितीतरी आधी आटोपते. तिचा मोसम पूर्ण होऊ द्या, मग अभ्यासाला लागेल. संध्याकाळचा तास-दीड तास सराव बंद करून तो वेळ अभ्यासात जातो असं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. प्रमाणपत्रं मात्र मिळतील त्या दिवशी फाइलला लावा. नाव, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे ना, शिक्का आणि सही आहे ना, हे तिथेच बघून घ्या. पुढे प्रवेशाच्या वेळी स्पोर्ट्स कोट्यासाठी कागद दाखवावे लागतात, आणि नावातलं एक अक्षर दुरुस्त करायला नंतर फार हेलपाटे पडतात.